याकच्या चरबीखाली देवनागरी : ही मार्टिनी-हेन्रीच आहे ना?

बंड्या_ओहायो

नमस्कार मंडळी. शेजारच्या गावात एक वयस्कर गृहस्थ वारले, त्यांच्या मुलांनी घरातलं सामान विकायला काढलं. तिथून एक जुनी रायफल उचलून आणलीय. चार फुटांहून इंचभर जास्त लांब, वजन चार किलोच्या आसपास. चापाच्या मागे लोखंडी लिव्हर आहे, ती खाली ओढली की वरचा ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. एका वेळी एकच काडतूस. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय : 'ब्रिटिश, झुलू युद्ध'.

सगळ्या अंगावर काळं, डांबरासारखं घट्ट काहीतरी बसलंय. टर्पेंटाईनचं फडकं थोडंसं फिरवलं तर खालून चक्क देवनागरी अक्षरं निघाली! 'श्री' स्पष्ट वाचता येतंय, पुढे काही आकडे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू युद्धात देवनागरी कुठून आली?

दोन प्रश्न. एक, हे नक्की काय आहे? दोन, साफ कसं करू? ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश आणि व्हार्निशचा डबा आणून ठेवलाय, शनिवारी हात घालणार.

खटक्यावर_बोट

बंडोपंत, तो ब्रश आधी दुकानात परत करून या. पावती असेल अजून.

सगळ्यात पहिलं काम : भरलेली नाही ना, ते बघा. लिव्हर खाली करा, बॅटरीच्या उजेडात नळीच्या मागच्या टोकाला, काडतुसाच्या घरात, काही दिसतंय का पाहा. तेवढ्यावर थांबू नका. नळीच्या तोंडातून एक सरळ लाकडी काठी आत सोडा, ती मागून बाहेर दिसली पाहिजे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी नळीत काहीतरी अडकवून तसंच ठेवून दिलंय, असं निघतं कधीकधी. लिव्हर गंजून अडकली असेल तर हातोडी मारायची नाही, रिकामी असल्याची खात्री होईपर्यंत तर मुळीच नाही.

मग रिसीव्हरची (ठोकळा बसतो ती लोखंडी पेटी) उजवी बाजू पुसा. नुसती पुसा, खरवडू नका. इंग्रज सरकारी मार्टिनीवर तिथे वरून खाली असं असतं : मुकुट, त्याखाली व्ही. आर. (व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं), मग कारखाना, साल आणि रोमन आकड्यात मार्क, म्हणजे आवृत्ती. कारखाना म्हणजे एनफील्ड, किंवा बी.एस.ए. अँड एम. कंपनी, एल.एस.ए. वगैरे. तो फोटो टाका. चाप, लिव्हर आणि दस्त्याच्या उजव्या बाजूचेही टाका. आणि व्हर्नियर असेल तर नळीच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये.

चिंगी_७

देवनागरी आणि 'श्री' म्हणजे आपल्याच कुठल्यातरी सरदाराची असणार! पेशवाईतली?

मंदार_लीड्स

@चिंगी, पेशवाई १८१८ ला संपली. ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री स्वीकारली १८७१ मध्ये. मधली त्रेपन्न वर्षं कुठे घालायची?

इथे लीड्सला रॉयल आर्मरीज आहे, तिथे मार्टिनीपुढे तासन् तास काढलेत, म्हणून थोडं लिहितो. बोस्टनच्या हेन्री पीबडीने १८६२ साली मागे बिजागरी असलेल्या, पुढून खाली झुकणाऱ्या ठोकळ्याचं पेटंट घेतलं. त्याच्या रायफलला मात्र घोडा बाहेरच होता आणि तो वेगळा ओढावा लागे. स्वित्झर्लंडमध्ये फ्राउएनफेल्डच्या फ्रीडरिश फॉन मार्टिनीने घोडाच काढून टाकला. काडतुसावर आपटणारी टोचणी ठोकळ्याच्या आत घेतली आणि तिच्याभोवती वेटोळ्याची स्प्रिंग गुंडाळली. लिव्हर एकदा खाली-वर केली की रायफल ताणलेली. नळी एडिनबर्गच्या अलेक्झांडर हेन्रीची, सात पैलूंची, बावीस इंचात एक पीळ. दोघांची नावं जोडून मार्टिनी-हेन्री. ४८० ग्रेनची शिशाची गोळी, ८५ ग्रेन काळी दारू.

मार्क ओळखायला लिव्हर पाहायची. मार्क १, २ आणि ३ ची लिव्हर आखूड, मार्क ४ ची ठळकपणे लांब. ही लांबी उगाच वाढवली नाही. सुरुवातीचं काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं होतं. वाळवंटात, उन्हात, दारूच्या काजळीने घर भरलं की ते आत चिकटायचं, आणि आखूड लिव्हरने उचकटता उचकटता शिपायाचा घाम निघायचा. नळी इतकी तापे की शिपाई पुढच्या लाकडाला कातडं शिवून घेत. झुलू युद्धातल्या इसांडल्वाना आणि रोर्क्स ड्रिफ्टमुळे (दोन्ही जानेवारी १८७९) ही रायफल प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून प्रत्येक विक्रेत्याची प्रत्येक मार्टिनी झुलू युद्धातलीच असते. चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. चिठ्ठी विकणारा लिहितो.

बंड्या_ओहायो

मंडळी, एवढ्या लवकर एवढे प्रतिसाद! ब्रश परत केला. :)

रिकामी आहे, काठी आरपार गेली. उजवी बाजू पुसली. मुकुट नाही, व्ही. आर. नाही, इंग्रजीत एक अक्षरही नाही. नळीच्या तोंडाशी व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या जवळपास. लिव्हर आखूड.

देवनागरी दोन ठिकाणी आहे. नळीच्या मागच्या जाड भागावर एक ओळ, 'श्री'ने सुरू होणारी, मधली अक्षरं झिजलीत, शेवटी 'नाथ' असावं. आणि एक चार आकडी संख्या. पहिले तीन आकडे १, ९, ४ असावेत. चौथा ५ की ८ की अजून काही, ते ठरत नाही. आपल्या ५ सारखा नाही, आपल्या ८ सारखाही नाही. साल म्हणावं तर १९४५ ला कोण असली बंदूक करत होतं?

उपाशी_बोका

व्यासावरून एक निकालात निघालं. ही स्नायडर (मार्टिनीच्या आधीची ब्रिटिश रायफल) नाही. स्नायडर .५७७ इंचाची, म्हणजे पावणेपंधरा मिलिमीटरच्या आसपास. तिला घोडाही बाहेर असतो आणि ठोकळा दारासारखा उजवीकडे उघडतो. साडेअकरा म्हणजे मार्टिनीचं .४५० इंच.

हनुमानढोका

चार वर्षं काठमांडूत नोकरी केलीय, म्हणून हे माझ्या अंगणातलं.

ते साल नेपाळी आहे. विक्रम संवत. ५७ वजा करा, वर्षाचा शेवट असेल तर ५६. १९४५ म्हणजे इसवी १८८८-८९. चौथा आकडा ८ निघाला तरी १८९१-९२. दोन्ही बसतात. आकडा ओळखू येत नाही कारण नेपाळीत ५, ८ आणि ९ ची वळणं आपल्यापेक्षा वेगळी. आपण मुंबईच्या छापखान्यांच्या वळणावर वाढलो. जुनी नेपाळी कागदपत्रं वाचताना 'अ' आणि 'झ' पाशीसुद्धा आपण अडखळतो. ५ चा खालचा भाग नीट उजेडात, तिरक्या कोनातून फोटो काढून टाका, सांगतो.

'श्री... नाथ' हे पलटणीचं नाव असू शकतं. श्रीनाथ, भैरवनाथ, पुरानो गोरख, देवीदत्त, कालीप्रसाद ही सगळी नेपाळी सैन्यातल्या पलटणींची नावं आहेत आणि आजही चालू आहेत. अक्षरं झिजलेली असताना कुठलं एक नाव छातीठोकपणे सांगू नका, विक्रेत्याच्या चिठ्ठीचाच दुसरा अवतार होईल.

आता ही ओहायोला कशी पोचली? काठमांडूत राणा पंतप्रधानांच्या काळापासून लगन सिलेखाना या शस्त्रागारात जुनी हत्यारं रचून ठेवलेली होती. २००३ साली इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स आणि अटलांटा कटलरी या दोन अमेरिकन कंपन्यांनी तो सगळा साठा विकत घेतला. ब्राउन बेस, ब्रन्सविक, एनफील्ड, स्नायडर, मार्टिनी, तोफा, हजारोंनी. तिथून अमेरिकाभर पसरल्या. तुमचं ते काळं डांबर म्हणजे तिथल्या संग्राहकांच्या भाषेत 'याकची चरबी'. याकचा संबंध किती, हे याकलाच ठाऊक. वर्षानुवर्षं थापलेलं वंगण आणि धूळ, एवढंच समजा. मात्र त्याला शिव्या देऊ नका, त्याच्यामुळेच लोखंड टिकलंय.

चिंगी_७

म्हणजे श्री आपलाच, फक्त पशुपतिनाथाकडचा. :D

खटक्यावर_बोट

हनुमानढोका, फार छान माहिती. एक पाचर मारतो. देवनागरी आहे म्हणून रायफल नेपाळात *बनली* असं ठरत नाही. इंग्लंडमध्ये बनलेल्या आणि नेपाळात वापरलेल्या मार्टिनींवरही तिथल्या सैन्याने आपले आकडे ठोकलेत. अशा रायफलींवर दोन्ही सापडतं : एका बाजूला व्ही. आर., दुसरीकडे देवनागरी. बंडोपंतांच्या रायफलीवर इंग्रजीचा मागमूस नाही, ही जास्त बोलकी गोष्ट. खरा निकाल पोटात लागेल. आत वेटोळ्याची स्प्रिंग आहे की पट्टीची?

पठाणी_सूट

तिसरी शक्यताही धरा, खैबर खिंड. दर्रा आदम खेलच्या कारागिरांनी मार्टिनीच्या असंख्य नकला केल्या आणि २००१ नंतर अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांबरोबर त्या अमेरिकेत बऱ्याच आल्या. माझ्या कंपनीतल्या एकाने भिंतीवर टांगलीय. मुकुट आहे, व्ही. आर. आहे, खाली साल १९०६. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये गेली! त्या बिचाऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

खुणा सोप्या आहेत. एनफील्डमधला एन उलटा. मुकुट म्हणजे ओबडधोबड फुगा. अक्षरं एका ओळीत नाहीत, कारण एकेक रेघ छिन्नीने मारलेली. त्यांनी समोरच्या बंदुकीची नक्कल जशी दिसली तशी केली, वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. पण गंमत म्हणजे नक्कल करणारा सहसा *इंग्रजी* शिक्का मारतो, कारण त्यालाच किंमत. बंड्याभाऊंच्या रायफलीवर तो नाही, म्हणून मी खैबरवर पैसे लावणार नाही.

शंकेखोर

अवांतर : आपल्याकडच्या शिपायांना मार्टिनी मिळाली होती का? माझ्या वाचनात आलंय की १८५७ नंतर त्यांना मुद्दाम मागच्या पिढीचं हत्यार द्यायचे.

मंदार_लीड्स

बरोबर वाचलंय. १८५७ नंतर देशी पलटणींसाठी एनफील्ड रायफलीसारख्याच दिसणाऱ्या पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका काढल्या. नळीत पीळ नाही म्हणजे लांबचा नेम नाही. पुढे गोऱ्यांना मार्टिनी आली तेव्हा देशी पलटणींना त्यांनी टाकलेली स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफर्ड आली, मग देशी शिपायाला मार्टिनी. नेहमी एक पायरी खाली.

याचं सगळ्यात कडू उदाहरण मुंबई इलाख्याचंच आहे. मैवंद, २७ जुलै १८८०, कंदाहारच्या पश्चिमेला. ब्रिगेडियर बरोजच्या हाताखाली गोरी ६६ वी पलटण, तिच्याकडे मार्टिनी-हेन्री. शेजारी बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स, दोन्ही मुंबई सैन्याच्या, दोघांकडे स्नायडर. शत्रू तोच, उन्हाळा तोच, हातातलं हत्यार एका पिढीने जुनं. अफगाण अयुबखानाच्या फौजेने ब्रिगेड मोडली, हजाराच्या आसपास माणसं गेली. हार फक्त रायफलमुळे झाली असं मी म्हणत नाही. तोफखान्यात अयुबखान वरचढ होता आणि उघड्या मैदानात मोर्चा लावण्याचा निर्णय वाईट होता. पण पराभवानंतर बोटं कुणाकडे दाखवली गेली ते बघा आणि कुणाच्या हातात काय दिलं होतं तेही बघा.

नेपाळची गोष्ट याच धोरणाची दुसरी बाजू. गुरखे हवेत, पण काठमांडूच्या दरबाराकडे आधुनिक हत्यारं जास्त नकोत. इंग्रज हात आखडता घेऊन देणार, म्हणून राणांनी स्वतःच करायला घेतली.

भटकी_सुतारीण

इतिहास चालू द्या, मी लाकडाचं बोलते. जुन्या फर्निचरचं काम करते, बंदुकांचे दस्तेही येतात हाताखाली.

बंड्यादादा, व्हार्निशचा डबा खिडक्यांना वापरा. अशा रायफलींना आतवर मुरलेलं जवसाचं तेल असतं. त्यावर व्हार्निश म्हणजे प्लास्टिकचं कव्हर घातलेला सोफा.

सॅंडपेपर तर अजिबात नको, शून्य नंबरचासुद्धा. लाकडावरचा ठसा खोलीने किती असतो? अर्धा मिलिमीटरही नाही. दोन वेळा पेपर फिरवला की पलटणीचा आकडा, कारखान्याचा गोल शिक्का, सगळं भुशात. इंग्रज सरकारी मार्टिनीच्या दस्त्यावर उजवीकडे तो गोल शिक्का असतो, आणि बाजारात दर दुसऱ्या रायफलीचा तो गुळगुळीत पुसलेला दिसतो. कुणीतरी हौसेने 'नवी' केलेली असते. नेपाळी रायफलीच्या दस्त्यावरही आकडे असू शकतात, तुम्हाला अजून दिसले नसतील कारण ते चरबीखाली आहेत.

पद्धत अशी. हातमोजे घाला. बाहेर मोकळ्या हवेत बसा. मिनरल स्पिरिट किंवा टर्पेंटाईनमध्ये सुती फडकं बुडवून थोड्या भागावर ठेवा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग पुसा. जाड थर असेल तिथे बांबूची किंवा आइस्क्रीमची काडी तिरकी कापून हलक्या हाताने. धातूचं काही नको. हे कंटाळवाणं आहे आणि ते तसंच असतं. फडकं काळं यायचं थांबलं की थांबा, लाकूड फिकं पिवळं दिसेपर्यंत घासत बसू नका. तो गडद रंग मळाचा नाही, वयाचा आहे.

खड्डे वाफेने उठवतात हे तुम्हाला कुणीतरी सांगेल. ओलं फडकं आणि गरम इस्त्री. खड्डा उठतो खरा, पण शेजारचा ठसाही फुगून पुसट होतो. ठशाच्या वीतभर आसपास हे करू नका. शेवटी जवसाचं तेल, बोटाने, इतकं थोडं की हात कोरडा वाटावा. एक हात दिला की आठवडाभर वाळू द्या. आणि तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, चुरगळलेली फडकी आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. हे एवढं तरी प्लीज गंभीरपणे घ्या.

गंजमारे

ताई, तुमचं सगळं मान्य, पण घरात भिंतीवर लावायची वस्तू काळी-कळकट ठेवायची? आपल्याकडे दसऱ्याला हत्यारं घासून लख्ख करतातच की. माझ्या मते बफिंग मशीनवर चढवा, नवं ब्लूइंग (लोखंडाला निळसर-काळा रंग) करा. मालक त्याचा, हौस त्याची.

भटकी_सुतारीण

दसऱ्याला राख-चिंच लावून तलवार घासतो आपण. तिच्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात साल कोरलेलं असेल तर ते कसं टिकलं असेल, सांगा बघू. घरोघरी कोऱ्या तलवारी उगाच नाहीत.

खटक्यावर_बोट

गंजमारे, हौसेबद्दल वाद नाही. पण क्रम पाहा. धाग्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही आणि ते उत्तर ज्या पृष्ठभागावर लिहिलंय तोच तुम्ही मशीनवर चढवायला सांगताय. चौथा आकडा ५ की ८, हे बफिंगनंतर कुठून वाचणार? शिवाय बफिंगने कडा गोल होतात, स्क्रूची भोकं ताटलीसारखी पसरतात. ते परत येत नाही. मळ मात्र कधीही काढता येतो.

लोखंडासाठी : लाल गंज असेल तिथे पातळ तेल टाकून ००००ची स्टील वूल, त्याहून बरं म्हणजे ब्राँझ वूल, हलक्या हाताने. सुटलेला लाल गंज निघतो, खालचा तपकिरी-काळा थर राहतो. तो राहू द्यायचा, तोच आता तिचा रंग आहे. सुटे भाग उकळत्या पाण्यात घातले तर उरलेला लाल गंज काळा होतो, मग लगेच वाळवून तेल. व्हिनेगर, लिंबू, फॉस्फोरिक ॲसिडवाले जेल, हे सगळं मूळ रंग खाऊन पांढरं लोखंड उघडं पाडतं.

स्क्रू. इथे सगळ्यात जास्त नासधूस होते. साध्या पाचरी पेचकसाने खाच फाटते. खाचेत तंतोतंत बसणारं, दोन्ही बाजू समांतर असलेलं पातं हवं. बाजारचं नाही बसलं तर घासून बसवा. आधी ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (ए.टी.एफ.) निम्मं-निम्मं, दोन-चार दिवस रोज एक थेंब. ॲसिटोन पेटतं, म्हणून आसपास आग नको. तरी हलला नाही तर जिथे आहे तिथे राहू द्या. एखादा स्क्रू न निघाल्याने जगबुडी होत नाही.

वाड्याचा_वारस

धागा वाचून धीर आला म्हणून विचारतो. सातारा जिल्ह्यात आमच्या जुन्या वाड्यात माळ्यावर एक बंदूक आहे, पणजोबांची. लिव्हर नाही, घोडा बाहेर, ठोकळा बाजूला उघडतो. उपाशी_बोका यांनी लिहिलं तशीच. गावातल्या वेल्डरला दाखवून चालू करून घ्यावी म्हणतो, नुसती हौस म्हणून.

काळाकोट

वारस साहेब, वेल्डरकडे नेऊ नका. आधी हे वाचा.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ लागतो. कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, विकणं तर सोडाच, *दुरुस्त करणं* सुद्धा परवान्याशिवाय गुन्हा आहे. म्हणजे तुम्ही आणि वेल्डर दोघेही अडकाल.

सूट आहे ती कलम ४५ च्या, इंग्रजी प्रतीतल्या, खंड सी मध्ये. कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तूचं मूल्य असलेलं किंवा नादुरुस्त शस्त्र, जे दुरुस्ती करून *किंवा न करताही* बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कायदा लागत नाही. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि 'जुनी आहे, चालतंय' म्हणतात. सगळी गंमत दुसऱ्या अर्ध्यात आहे. दुरुस्त होऊ शकत असेल तर सूट नाही. आणि तुम्ही स्वतःच 'चालू करून घेतो' म्हणताय!

पणजोबांच्या नावाचा परवाना होता का ते कागदांत शोधा. नसेल किंवा संपला असेल तर कलम २१ प्रमाणे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून रीतसर अर्ज करा. वकील बरोबर घेऊन जा, उशीर करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काने आलेली त्यातच मोजतात. आणि परदेशातल्या नातेवाईकाला पाठवायचा विचार असेल तर शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.

बंड्या, तुमच्याकडे वेगळं. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक 'अँटिक'. म्हणून त्या चौथ्या आकड्याला कायदेशीर किंमतही आहे, घासून टाकू नका. राज्याचा कायदा स्वतंत्रपणे बघा, सगळ्या राज्यांत सारखं नाही.

वाड्याचा_वारस

धन्यवाद. वडिलांशी बोलतो. वेल्डर रद्द.

बंड्या_ओहायो

अपडेट! सुतारीणताईंच्या पद्धतीने बसलो. दस्त्यावर खरंच आकडे निघाले, देवनागरीच. स्क्रू बहुतेक हलले, एक अडून बसलाय, त्याला हात लावलेला नाही.

पोट उघडलं. वेटोळ्याची स्प्रिंग *नाही*. एक जाड पट्टीची स्प्रिंग आहे आणि आत छोटा घोडा, तो टोचणीवर आपटतो. भागांवर छिन्नीने मारल्यासारख्या खुणा आहेत, कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसतात. एकाच मापाचे वाटणारे दोन स्क्रू एकमेकांच्या जागी बसत नाहीत. फोटो टाकलेत. चौथ्या आकड्याचा तिरक्या उजेडातला फोटोही आहे.

हनुमानढोका

तो ५ आहे. १९४५. खालची शेपटी बघा.

मंदार_लीड्स

मग झालंच. ही मार्टिनी-हेन्री नाही. *गहेंद्र* आहे.

तेव्हा नेपाळात वीर शमशेर श्री ३ महाराज, म्हणजे खरे सत्ताधारी. त्यांचे पुत्र जनरल गहेंद्र शमशेर यांना यंत्रांचं वेड. त्यांनी बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सची सुधारित मार्टिनी नमुन्याला घेतली. बाहेरून डिट्टो मार्टिनी, आत वेटोळ्याऐवजी पट्टीची स्प्रिंग आणि घोडा. मार्टिनीच्या वेटोळ्यावर इंग्लंडमध्येही टीका झाली होती, त्यामुळे निवड अडाणीपणाची नव्हती. काडतूस तेच मार्टिनी-हेन्रीचं. कारागिरांनी एकेक भाग हाताने घासून जुळवला, म्हणूनच तुमचे स्क्रू एकमेकांच्या जागी बसत नाहीत. कुठला स्क्रू कुठल्या भोकातला हे लिहून ठेवलंत ना? याच जनरलच्या नावावर बिरा गनही आहे. दोन नळ्यांची, हातदांडा फिरवून चालणारी, डोक्यावर ताटाएवढं गोल मॅगझिन. लगन सिलेखान्यातून त्याही निघाल्या.

मला विचाराल तर इंग्रज मार्टिनीपेक्षा ही हाती लागणं जास्त भाग्याचं. एनफील्ड आणि बर्मिंगहॅममधून मार्टिनी यंत्रावर ढिगाने निघाल्या. ही कुणीतरी काठमांडूच्या खोऱ्यात कानस घेऊन बसून केलीय.

आणि उडवायचा विचार मनात असेल तर काढून टाका. हाताने केलेलं लोखंड, प्रत्येक नळीची ताकद वेगळी, सव्वाशे वर्षांचा गंज. गहेंद्र चालवू नये यावर संग्राहकांत फारसे मतभेद नाहीत.

गंजमारे

बरं बाबा, बफिंग मागे घेतो. पण मग चिठ्ठीवाल्याकडून पैसे परत मागायचे की त्याला जास्तीचे द्यायचे?

बंड्या_ओहायो

=))

उडवणार नाहीच. हो, स्क्रू अंड्याच्या ट्रेमध्ये नंबर टाकून ठेवलेत, बायकोने त्यावरून ऐकवूनही झालंय. आता शेवटची शंका. दस्ता जिथे रिसीव्हरला भिडतो तिथे एक बारीक तडा आहे. भरू का?

भटकी_सुतारीण

आधी तिथलं तेल निघालं पाहिजे, नाहीतर कुठलाच डिंक धरणार नाही. तडा किती खोल आहे ते पाहायला त्यात कागदाचा कपटा सरकवून बघा. उडवायची नाहीये, म्हणजे धक्का बसणार नाही, मग एवढ्या तड्याला काही न करणं हाही पर्याय आहे. भरायचाच असेल तर हाइड ग्लू. पाण्याने-वाफेने परत सुटतो, उद्या कुणाला नीट काम करायचं झालं तर करता येतं. इपॉक्सी एकदा गेलं की कायमचं. आणि भिंतीवर लावताना स्वयंपाकघराची किंवा बाथरूमची भिंत टाळा, तुमच्याकडे हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी होते त्यामुळे हीटरच्या वरची जागाही नको.

वाड्याचा_वारस

वडील तयार झाले, सोमवारी वकिलांकडे जातोय. जमा करण्याआधी तिच्यावरच्या खुणांचे फोटो काढून ठेवले तर चालेल ना? उजव्या बाजूला कुलुपाच्या पट्टीवर मुकुट आहे आणि खाली १८ ने सुरू होणारं साल. इथेच टाकू का?

खटक्यावर_बोट

फोटो जरूर काढा, वकिलांना विचारून. पण इथे नको, हा धागा आता गहेंद्रचा झालाय. 'स्नायडर-एनफील्ड ओळख' असा नवा काढा. ठोकळ्याला बाजूला छोटा खटका आहे की नुसताच ओढून उघडतो, तेवढं त्यात लिहा, तिथूनच सुरुवात करू. नळीच्या आत बॅटरी मारून पीळ दिसतोय का तेही बघा. पोलिसांकडच्या बऱ्याच स्नायडर पुढे आतून गुळगुळीत करून टाकलेल्या होत्या.